दोन्ही बाजूंनी छापलेला कागद

आशागडच्या त्या घरात मी भाड्यानं राहायला गेले तेव्हा मालकांनी ना माझं आधार कार्ड मागितलं, ना गावचा पत्ता. माझ्या पिशवीतून एक टोमॅटो वर आला होता. तो त्यांनी उचलला, अंगठ्यानं हलकेच दाबला, परत होता तिथं ठेवला आणि म्हणाले, "राहा."

नंतर कळलं की हा माणूस सगळ्या जगाची परीक्षा त्या एका अंगठ्यानं घेतो. उभं आयुष्य त्यांनी फुग्यांच्या कारखान्यात काढलं होतं. रबराच्या चिकात बुडवून सुकवलेले फुगे साच्यावरून उतरले की एकेक चाचपायचा आणि पातळ निघेल तो बाजूला टाकायचा, हे त्यांचं काम. नोकरी सुटली, अंगठा सुटला नाही. चिकू दाबून बघतात म्हणून डहाणूच्या बाजारात दोन विक्रेत्या बायकांनी त्यांना टोपलीजवळ यायला बंदी केली होती. रिक्षात बसण्याआधी ते सीट दाबत. मी लिहिलेलं काही वाचायला दिलं तर आधी कागद दाबत. एकदा माझा एक लेख वाचून झाल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, "साल सुटते अजून."

हे बटाट्याचं वाक्य होतं. मातीतून काढलेल्या बटाट्यावर अंगठा घासला आणि साल निघून आली तर तो कोवळा. अजून पंधरा दिवस आत राहू द्यायचा. साल घट्ट बसली की काढायला हरकत नाही. मला राग आला. तेव्हा मला बऱ्याच गोष्टींचा राग येई, आणि त्यातला बहुतेक योग्यच होता असं मला आजही वाटतं. फक्त एकदा तो चुकीच्या दारात जाऊन उभा राहिला.

शेजारी त्यांना काका म्हणत, म्हणून मीही काका म्हणू लागले. मागच्या पाड्यातली माणसं शेठ म्हणत. त्यावर ते म्हणायचे, "शेठ चारोटीच्या पुढं राहतात. मी फुगेवाला." स्वतः मात्र ते सगळ्यांना अहो-जाहो करीत. मला, रिक्षावाल्याला, दूध घालणाऱ्या पोराला, आणि मांजरांनासुद्धा. "तुम्ही आता उतरा," असं भिंतीवरच्या बोक्याला सांगताना मी त्यांना कितीदा ऐकलंय.

चिकू, ताड आणि नारळाच्या आमच्या मुलखात परसात बटाटे कोणी लावत नाही. थंडी इथं येते ती नुसतं तोंड दाखवायला. पण काकांचं म्हणणं असं, की गुजरातचा बटाटा रोज आपल्या हायवेवरून मुंबईला जातो आणि आपण नुसता त्याच्या ट्रकचा धूर खातो. दिवाळी झाली की ते जीपनं चारोटी नाक्यावर जात. तिथं चहाला थांबलेल्या ट्रकवाल्यांशी गुजरातीत तास-तास गप्पा मारत आणि डोळे फुटलेले पाच-सहा किलो बटाटे घेऊन येत. प्रत्येक तुकड्यावर दोन डोळे येतील असे ते कापायचे, कापलेल्या बाजूला चुलीतली राख लावायची, दोन दिवस सावलीत ठेवायचे, मग लावायचे. घरामागच्या परसात आठ ओळी. आठच. नववी ओळ का नाही असं विचारलं तर म्हणत, "मला वाकून उठायला जेवढं जमतं तेवढंच माझं शेत."

बटाट्याला उजेड दाखवायचा नाही, हा त्यांचा एकमेव धर्म. उजेड लागलेला बटाटा हिरवा पडतो आणि हिरवा पडलेला विषारी होतो. म्हणून रोज संध्याकाळी ते ओळीतून उकिडवे पुढं सरकत आणि जिथं मातीला भेग दिसेल तिथं भर घालत. माती कमी पडली तर गवत, गोणपाट, जुना सदरा. एकदा माझी वाळत घातलेली ओढणी मला तिसऱ्या ओळीत सापडली.

मी तिथं यायच्या आधीच्या वर्षाची एक गोष्ट शेजारीपाजारी हसून हसून सांगत. डहाणूच्या एका कोळणीनं काकांना सुक्या मासळीच्या चुऱ्याचं पोतं दिलं होतं. चिकूच्या झाडाला ते खत म्हणून घालतातच. काकांनी ते बटाट्यात घातलं. त्या रात्रीपासून आशागडातलं एकूण एक मांजर त्या परसात कामाला लागलं. आठही ओळी त्यांनी अशा उकरल्या की नांगरानंही एवढं नीट झालं नसतं, आणि काका काठी घेऊन मधे उभे, म्हणतायत, "अहो, तुम्ही घरी जा."

मी ती गोष्ट एकदा त्यांच्यासमोर काढली आणि हसले. ते उठून आत गेले. मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, लागलं असेल. त्यापुढं मी विचार केला नाही.

माझ्या वेळेपर्यंत त्यांनी मांजरांवर उपाय काढला होता. कारखान्यातले टाकाऊ फुगे फुगवून ते वाफ्याच्या कडेनं काठ्यांना बांधत. दुपारचं ऊन चढलं की फुगे फटाफट फुटायचे आणि मांजरं पळायची. सकाळी नवे बांधायचे. आमच्या परसात रोज कुणाचा तरी वाढदिवस असल्यासारखं दिसे.

आता मी कोण ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. मी तलासरीची, चळवळीतल्या घरातली. आमच्या घरात पुस्तकं थोडी आणि पत्रकं फार. बसायला पत्रकांचे गठ्ठे, दाराला टेकण पत्रकांचा गठ्ठा. मी अक्षरं शिकले ती जाहीर सभेच्या पत्रकावर. उरलेली पत्रकं आई चुलीला लावायची, पण आधी वाचून. वडिलांचा एक नियम होता. पत्रकात एखाद्याचं नाव घालायचं असेल तर आधी त्याच्या दारात जायचं आणि त्याचं म्हणणं पुरतं ऐकून घ्यायचं. पुरतं. मग छापायचं. हा नियम मला पाठ होता.

काकांच्या परसातून एक पायवाट जात असे. मागं ओहोळ, ओहोळापलीकडं पाडा. पाड्यातल्या बायका रोज सकाळी ओहोळ ओलांडून, परसातून, घराच्या कडेनं रस्त्यावर येत आणि तिथून वाड्यांवर मजुरीला जात. त्यात लखमी होती. चिकूच्या वाडीत कामाला जायची, माझ्याच वयाची, आणि जाता-येता माझ्या खिडकीशी थांबून मला नावं ठेवायची. "बाय, सकाळपासून लिवतंस. तुझा हात दुखत नाय, वाचनाऱ्याचे डोले दुखतील."

त्या वर्षी बटाटे लावले आणि आठ दिवसांत काकांनी ती वाट बंद केली. बोरीच्या काट्यांचं कुंपण, वर खडूनं लिहिलेली पाटी: वाट बंद. आणि त्या काट्यांवर रंगीत फुगे बांधलेले. पाड्यातल्या बायकांना आता ओहोळावरच्या लांबच्या साकवावरून वळसा पडू लागला, डोक्यावर भारा असला तर चांगला अर्धा तास.

मी काकांना विचारलं, वाट का बंद केली? ते भर घालत होते. वर न बघता म्हणाले, "बटाट्यांना विचारा."

झालं. मी त्यांच्या दारात गेले होते, त्यांचं म्हणणं ऐकलं होतं. नियम पाळला गेला, असं मी ठरवलं.

फुग्यांनी मला जास्त चिडवलं. गरिबांची वाट अडवायची आणि वर तिला सजवायचं, हे मला सहन होईना. पत्रक मी एका बैठकीत लिहिलं. दोन्ही बाजू भरल्या. मथळ्यात त्यांचं नाव आडनावासकट, मोठ्या अक्षरात. खाली पहिलंच वाक्य होतं: आठ ओळी बटाट्यांसाठी अख्ख्या पाड्याची वाट अडवणारे हे शेठ कोण? कोण ते मला चांगलं ठाऊक होतं. मी त्यांच्याच दिव्याखाली बसून लिहीत होते. म्हणून पत्रक वाटल्यावर त्या घरात एक दिवसही राहायचं नाही हेही मी ठरवलं, आणि कपडे पिशवीत भरून ठेवले. तेवढी नीती मला होती.

पाचशे प्रती डहाणूत छापून आणल्या. ओटीवरच्या बाजेखाली गठ्ठा ठेवला. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता आमच्या चळवळीच्या गटातला एक मित्र मोटरसायकलवर येऊन तो नेणार आणि डहाणू स्टेशनबाहेर वाटणार होता. मी सकाळीच एक प्रत घेऊन पाड्यात गेले. बायकांनी माझ्याबरोबर उभं राहावं असं मला वाटत होतं.

लखमी अंगणात भांडी घासत होती. तिची सासू ओट्यावर बसून करांद्याचे कंद निवडत होती. मी पत्रक वाचून दाखवलं, मोठ्यानं, दोन्ही बाजू. वाचून झाल्यावर लखमीनं हात धुतले, मला ओहोळापर्यंत घेऊन गेली आणि म्हणाली, "बाय, हे वाटू नको. वाट त्यांनी आमच्यापायी बंद केली."

मग तिनं जे सांगितलं ते असं. पाड्यात रानातले कंद खातात. त्यातले काही कडू असतात, नुसते खाल्ले तर माणूस आडवा होईल असे. त्यांच्या चकत्या करायच्या, राख घालून उकळायच्या आणि टोपलीत भरून दिवसभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या. कडूपणा पाण्याबरोबर निघून जातो. कुठल्या कंदाला किती राख, किती पाणी, हे लखमीच्या सासूइतकं त्या भागात कुणाला कळत नाही. आजी "चालंल" म्हणाली की पाडा खातो.

मांजरांनी वाफे उकरले त्या वर्षी बटाटे उघडे पडून हिरवे झाले होते. काकांनी ते वेचून वाटेच्या कडेला टाकून द्यायला ढीग करून ठेवले. लखमीला वाटलं, चांगले बटाटे वाया चाललेत. ती ओटीभर घेऊन गेली. आजीनं तुकडा जिभेला लावला. कडू. म्हणजे कडू कांद. तिनं राखेत उकळले, टोपलीत भरून ओहोळात ठेवले, सगळं रीतीप्रमाणे केलं. पण बटाट्यातलं विष त्या रीतीनं जात नाही. जेवण झालं आणि दुपारपर्यंत दोघींना उलट्यांनी उभं राहवेना. घरचा माणूस बोटीवर कामाला गेलेला. लखमी मदत मागायला निघाली ती वाटेवरच बसली. काकांनी तिला तिथं पाहिलं. दोघींना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? लखमी गप्प. आजी डोळे मिटून पडलेली. तेव्हा काका म्हणाले, "हिरवे बटाटे. मी दिले. मला माहीत नव्हतं."

उजेडापासून बटाटा जपणं हाच ज्याचा धर्म, तो माणूस भरल्या वॉर्डात म्हणाला, मला माहीत नव्हतं. डॉक्टरांनी त्यांना सगळ्यांसमोर झापलं. त्यांनी ऐकून घेतलं.

आजीला मरणाची भीती नव्हती, दुसरीच होती. घरी आल्यावर ती काकांना म्हणाली होती, पाड्यात कळलं तर माझ्या हातचं कोन खाईल? काकांनी कुणाला सांगणार नाही असं कबूल केलं. आता कारण तर सांगायचं नाही आणि वाटेनं जाणाऱ्या कुणाच्या हातात पुन्हा हिरवा बटाटा पडू द्यायचा नाही. त्यांच्या डोक्यानं काढलेला उपाय म्हणजे काटे.

"आन फुगे?" मी विचारलं. मीही तिच्यासारखी बोलायला लागले होते.

"कालोखात येनाऱ्याला काटे दिसावे म्हनून," लखमी म्हणाली. "तुला काय वाटलं?"

मला काय वाटलं होतं ते माझ्या हातात छापलेलं होतं.

नऊ वाजून गेले होते. मी धावले. लांबच्या साकवावरून, कारण जवळची वाट बंद. मित्राला फोन लावत होते, तो उचलत नव्हता. मला डोळ्यांपुढं डहाणू स्टेशन दिसत होतं. गाडीतून उतरणारी माणसं, प्रत्येकाच्या हातात तो मथळा, ते नाव. त्याचा खुलासा करायचा तर काकांना एकच मार्ग होता: आजीचं नाव सांगणं. ते सांगणार नव्हते. म्हणजे ते उरलेलं आयुष्य त्या पत्रकाखाली काढणार होते. आणि कुणी खरं कारण खोदून काढलंच, तर तेच आजीच्या वाट्याला येणार होतं. छापलेला शब्द परत घेता येत नाही, हे मी लहानपणापासून अभिमानानं ऐकत आले होते. त्या दिवशी त्याचा अर्थ कळला.

ओटीवर आले. बाजेखाली काही नव्हतं.

मी तिथंच पायरीवर बसले. फोन वाजला. मित्र चिडलेला होता. "अगं, गठ्ठा कुठाय? मी येऊन गेलो. तिथं काहीच नव्हतं."

मी काही बोलणार तेवढ्यात परसात एक फुगा फुटला.

काका पाचव्या ओळीत उकिडवे बसले होते. शेजारी सोडलेला गठ्ठा. ते एकेक पत्रक घेत, अंगठ्यानं दाबत, बटाट्याच्या बुंध्याशी पसरत आणि वर गवत आणि मातीची मूठ टाकत. चार ओळी पूर्ण झाल्या होत्या. मातीतून जागोजाग त्यांचं नाव डोकावत होतं.

"वरती माझं नाव दिसलं," ते म्हणाले. "मला वाटलं, माझं टपाल."

"वाचलंत?"

"वाचलं. दोन्ही बाजू." त्यांनी आणखी एक पत्रक पसरलं. "दोन्ही बाजूंनी छापलंत ते बरं केलंत. एका बाजूच्या कागदातून ऊन जातं."

मी त्यांच्यासमोर मातीत बसले. लखमीनं सगळं सांगितलं, असं मी म्हणाले. त्यांचा हात थांबला.

"तिनं स्वतः सांगितलं?"

"हो."

"मग ठीक."

मी माफी मागितली. ती नीट जमली नाही, कारण मधेच मला राग आला. तुम्ही मला सांगायला हवं होतं, मी म्हणाले. मी विचारायला आले होते.

ते हसले नाहीत. "सांगितलं असतं तर तुम्ही छापलं असतं," म्हणाले.

  पण मी पत्रकवाल्यांच्या घरची. उत्तर नसलं तरी मुद्दा असतो. मी म्हणाले, ते सगळं खरं, तरी वाट बंद करणं चूकच होतं. तुमच्या चांगुलपणाचा वळसा त्या बायका रोज डोक्यावर भारा घेऊन घालतायत.

"चूकच," काका म्हणाले. "तुम्ही पाचशे वेळा लिहिलंय." त्यांनी उरलेला गठ्ठा माझ्याकडं सरकवला. "चला, तुम्ही सहावी ओळ घ्या. मला दुसरं सुचलं नाही, हे खरं आहे. तुम्हाला सुचतंय का बघा."

सहावी, सातवी आणि अर्धी आठवी ओळ मी झाकली. माझ्याच हातानं, माझीच वाक्यं. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

पुढचं सुचलं ते मला नाही, काकांनाही नाही. आजीला. संध्याकाळी लखमी तिला घेऊन आली, लांबच्या वाटेनं. आजीनं अंगणात बसून एक बटाटा मागितला, हातात फिरवला आणि मला म्हणाली, तू लिवतेस ना, मग लिव. माझं नाव घालून लिव. नाव घालायचं की नाही हे मी तिला तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारल्यावर ती चिडली. तिनं सांगितलं तसं लिहिलं: हा कांद आपल्या रानातला नाय. हिरवा असंल तं खायचा नाय. हा राखेला ऐकत नाय, पान्याला ऐकत नाय. मी करून पाहिलंय.

कुणी खाल्लं, कधी खाल्लं, एवढं विचारायची पाड्यात कुणाची हिंमत झाली नाही. आजीनं करून पाहिलंय म्हणजे पाहिलंय. उलट बटाट्याचंही तिला कळतं असा तिचा बोलबाला झाला. त्या पत्रकाच्या पन्नास झेरॉक्स काढल्या. काकांनी एक दाबून बघितली आणि तोंड वाकडं केलं. "एकाच बाजूला आहे. बटाट्याच्या कामाची नाही."

कुंपण दुसऱ्या दिवशी काढलं. काट्यांवरचे फुगे काढताना त्यांनी एकेक सोडून हवा जाऊ दिली, फोडला एकही नाही.

महाशिवरात्रीच्या दोन दिवस आधी बटाटे काढले. अर्धवट कुजलेला कागद मातीबरोबर वर येत होता आणि त्याच्याखाली पांढुरके, स्वच्छ बटाटे. एकही हिरवा नव्हता. पहिला निघाला तो काकांनी लखमीच्या हातात दिला. तिनं तो सगळ्या बाजूंनी फिरवून उजेडात बघितला, कुठं हिरवी रेघ आहे का. मग अंगठा घासला. साल सुटली नाही. त्यातले चार तिनं घरी नेऊन आधी देवापुढं ठेवले, नव्याची रीत म्हणून, आणि उपासाच्या दिवशी खाल्ले. त्या प्रसंगानंतर तिनं बटाट्याला हात लावला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच वाटेनं आली, खिडकीशी थांबली आणि म्हणाली, "मीठ जास्त झालं होतं. बाकी बरा होता."

आता काका तिथं नाहीत. मुलीकडं वापीला असतात, चौथ्या मजल्यावर. मीही डहाणूत राहायला आले. पत्रकं अजून लिहिते, कडक लिहिते. पण नाव घालायच्या आधी त्या दारात दोनदा जाते, आणि कुणी मला बटाट्यांना विचारा म्हणालं तर बटाट्यांना विचारते.

या हिवाळ्यात त्यांचा आवाजी निरोप आला. गॅलरीत धान्याच्या गोण्यांत माती भरून बटाटे लावलेत, मांजरांचा त्रास नाही, कबुतरांना "तुम्ही" म्हणून उपयोग होत नाही. शेवटी म्हणाले, "इकडं सगळं फोनवर वाचतात हो, घरात कागदच नाही. तुमच्याकडं जुनं काही छापलेलं असेल तर पाठवा. दोन्ही बाजूंनी."

त्या पत्रकाची एक प्रत मी ठेवली होती, त्या दिवशी पाड्यात वाचून दाखवलेली. वडिलांना कधी दाखवली नाही. ती घडी घालून पाकिटात घातली आणि पाठवली.

परवा फोटो आला. गोणीच्या तोंडावर कागद पसरलेला, कडा मातीखाली दाबलेल्या, मथळ्यातलं त्यांचं नाव वरच्या बाजूला आणि त्या नावावर त्यांचा अंगठा. खाली लिहिलं होतं, "मिळालं. ऊन जात नाही."